आपल्या हाडांची नोंद



अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ज्या माणसांच्या हाडांचा काळजीपूर्वक अभ्यास झाला, ती माणसे तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. प्रवरेच्या काठी नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. ज्या जोर्वे गावाने त्या संस्कृतीला नाव दिले ते आपल्याच संगमनेर तालुक्यातले, आणि दायमाबाद श्रीरामपूर तालुक्यातले. या लोकांची रीत अशी होती, की लहान मूल गेले तर दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवायची, त्यांत मूल ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबे गंजले आणि त्या गंजाच्या आश्रयाने मण्यांच्या भोकातला धागा टिकून राहिला. पुढे तपासणी झाली तेव्हा तो रेशमाचा आणि कापसाचा निघाला. खणणाऱ्यांनी माळ उचलून मूल टाकून दिले नाही. कोणत्या थरात, कोणत्या मडक्यात, कोणत्या वयाचे मूल, हे लिहून ठेवले. १९६० साली अहवाल छापला, दायमाबादचा १९८६ साली, आणि त्यात सुभाष वाळिंबे यांनी तिथल्या सांगाड्यांचे वर्णन केले. म्हणूनच २०११ साली ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी अभ्यासिकेला नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या मुलांच्या हाडांना एक नवा प्रश्न विचारता आला : हवामान आणि शेती बदलत असताना या मुलांची वाढ कशी होत होती? हाडे जमिनीतून काढणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न नव्हता. तो विचारता आला तो हाडे जपली गेली आणि त्यांची नोंद उघडी राहिली म्हणून.

आता आजच्या हाडांकडे पाहू. जिल्हा रुग्णालय, तालुक्यांची ग्रामीण रुग्णालये, लोणी आणि विळद घाटातली वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, आणि गावोगावची हाडांची खासगी रुग्णालये मिळून या जिल्ह्यात रोज किती एक्स-रे निघत असतील याची कल्पना तुम्हीच करा. मोटारसायकलवरून पडलेला कॉलेजचा मुलगा, मोरीत घसरलेली आजी, ऊस तोडताना मनगट दुखावलेली बाई. डॉक्टर फिल्म उजेडाच्या पेटीवर लावतात, हाड बसवतात, प्लॅस्टर घालतात, आणि फिल्म खाकी पाकिटात घालून नातेवाइकांच्या हाती देतात. ते पाकीट पुढे कपाटावर, गादीखाली नाहीतर कागदपत्रांच्या पिशवीत जाते. रुग्णालयाच्या संगणकावर प्रत असते, पण डिस्क भरली की जुन्या प्रती पुसल्या जातात. अलीकडे तर खिडकीच्या उजेडात फिल्म धरून मोबाइलवर काढलेला फोटो हीच अनेकदा एकमेव प्रत उरते. उपचार झाला, एवढ्यावर ती प्रतिमा संपली असे आपण धरून चालतो. हे धरून चालणे चुकीचे आहे, आणि त्याची किंमत याच जिल्ह्यातली माणसे मोजत आहेत, असे मला आज मांडायचे आहे. आपल्या हाडांच्या प्रतिमांचा एक सार्वजनिक संग्रह आपण उभा केला पाहिजे. मात्र तो ज्यांची हाडे त्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच देखरेखीखाली उभा राहिला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच मी त्याच्या बाजूने बोलतो आहे.

लोणीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला किंवा संगमनेर-कोपरगावच्या अभियांत्रिकी विद्यार्थिनीला आज मांडीच्या हाडाचा संगणकीय नमुना हवा असेल, तर ती शोधत कुठे पोचते? अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पापाशी. १९९४ साली एका पुरुषाच्या देहाचे एकेक मिलिमीटरचे काप घेऊन त्यांची छायाचित्रे खुली झाली, आणि पुढच्या वर्षी एका स्त्रीची, त्याहून बारीक कापांची. २०१९ पासून त्यासाठी परवान्याचा अर्जही लागत नाही. ती पोचते न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संग्रहापाशी, जिथे मृत्यूनंतर संपूर्ण शरीराचे सीटी स्कॅन केलेल्या १५,००० हून अधिक माणसांच्या प्रतिमा अर्ज करून मिळतात. गुडघ्याच्या झिजेसाठी ४,७९६ माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारा अमेरिकी संग्रह आहे. स्टॅनफर्डचा ‘मुरा’ हा खांद्यापासून बोटांपर्यंतच्या ४०,५६१ एक्स-रेंचा संच आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठ रुग्णालयाने १,२०४ सीटी स्कॅन, त्यांतली बरीचशी हाडे आणि इंद्रिये आखून, खुले केले. हे सगळे देणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. खेड्यातल्या विद्यार्थ्यालाही एका पैशाशिवाय हे मिळते, ही या काळाची फार चांगली गोष्ट आहे. पण यादी पुन्हा वाचली तर लक्षात येते, की तीत नेवाशाचे, पाथर्डीचे, अकोले तालुक्यातले कोणी नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप रास्त आहे. माणसाचे हाड माणसाचेच. अमेरिकी मांडीत आणि पाथर्डीच्या मांडीत एकच हाड, तिथेही शरीरात हाडे २०६ आणि इथेही २०६. मग आपले वेगळे कशाला? रचना एक आहे, हे खरेच. फरक पडतो तो मापात, वाढीच्या वेळापत्रकात आणि वापराच्या खुणांत. एका लहान मुलाच्या हाताचा एक्स-रे डोळ्यांपुढे आणा. जन्मताना मनगटाची आठही छोटी हाडे एक्स-रेवर दिसत नाहीत, कारण ती अजून कूर्चेचीच असतात. पहिल्या काही महिन्यांत दोन ठिपके उमटतात, मग एकेक करत बाकीची, आणि वाटाण्याएवढे शेवटचे हाड शाळेतल्या वयात. बोटांच्या आणि मनगटाच्या टोकांशी एक काळी रेघ असते. ती वाढीची पट्टी. वयात येताना ती पातळ होत जाते, आणि एके दिवशी हाड जुळून सलग होते. या चित्राची तुलना कशाशी करायची, हा सगळा प्रश्न आहे. जगभर सर्वाधिक वापरला जाणारा नकाशासंग्रह ग्रोलिक आणि पाइल यांचा. १९५० साली निघाला, १९५९ साली सुधारला. त्यातले एक्स-रे ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरातल्या, सुखवस्तू गोऱ्या कुटुंबांतल्या मुलांचे आहेत, आणि ते घेतले १९३० आणि ४० च्या दशकांत. आपल्याकडे गॅलस्टॉन यांनी १९३७ साली भारतीय मुलांच्या हाडांच्या जुळणीचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा आधार न्यायवैद्यकात अजूनही घेतला जातो. म्हणजे आपल्या मुलांचे वय आपण पाहतो ते एकतर ओहायोच्या मुलांवरून, नाहीतर जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीच्या भारतीय मुलांवरून.

हे वय नुसते रुग्णालयात राहत नाही, कोर्टात जाते. बाल न्याय कायदा, २०१५, याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच जया माला खटल्यात सांगितले, की एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांची चूक संभवते. आता विचार करा, कागद कोणाकडे नसतो. ज्या कुटुंबाचे अर्धे वर्ष उसाच्या फडावर, कोप्यांत जाते, ज्यांच्या मुलीचा जन्म कारखान्याच्या गाडीतळावर झाला, त्यांच्याकडे नसतो. आपला जिल्हा कारखान्यांचा आहे आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांचाही. सोळा की अठरा, यावर एखाद्या मुलीचे लग्न गुन्हा ठरते की नाही, एखाद्या मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभे करायचे की मोठ्यांच्या न्यायालयापुढे, हे ठरते. दोन वर्षांची चूक इथे फार मोठी आहे. ती आपल्या मुलांच्या बाबतीत खरोखर किती आहे, दोन वर्षे की एक की तीन, हे मोजायला जन्मतारीख पक्की ठाऊक असलेल्या आपल्याच मुलांचे एक्स-रे लागतात. दुसरा कोणताही मार्ग नाही.

कोणी म्हणेल, आता संगणक शिकतो, नकाशासंग्रह जुना झाला. पण शिकतो कशावरून? २०१७ साली उत्तर अमेरिकेच्या रेडिऑलॉजी संस्थेने हाडांच्या वयाची एक जागतिक स्पर्धा घेतली. शिकवणीसाठी १२,६११ हातांचे एक्स-रे दिले. ते अमेरिकेतल्याच दोन बालरुग्णालयांतले, आणि त्यांवर वय लिहिणारे तज्ज्ञ त्याच ग्रोलिक-पाइलच्या मापाने लिहीत होते. म्हणजे क्लीव्हलंडची ती जुनी मुले आता यंत्राच्या आत जाऊन बसली आहेत. ते यंत्र झपाट्याने आणि न थकता उत्तर देईल, आणि ते उत्तर कशावर उभे आहे हे पडद्यावर कुठेही दिसणार नाही.

हाडांच्या घनतेचेही असेच आहे. ठिसूळपणा मोजणारा टी-स्कोअर हा तुलनेचा आकडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली उणे अडीचची रेषा आखली, आणि नितंबाच्या हाडासाठी तुलनेचा संदर्भ म्हणून धरल्या जातात विशीतल्या गोऱ्या अमेरिकी स्त्रिया. त्यातच यंत्र घनता मोजते ती क्षेत्रफळावर, घनफळावर नाही. लहान चणीच्या बाईचे हाड जाडीला कमी असते, म्हणून तिचा आकडा मुळातच खाली येतो, हाड कमजोर नसले तरी. आणि वापराच्या खुणा? उकिडवे बसणाऱ्या लोकांत नडगीच्या खालच्या टोकाशी आणि घोट्याच्या हाडावर छोटे गुळगुळीत सांधे तयार होतात, हे शरीररचनाशास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. भाकरी थापणारी, खुरपणारी, चुलीपुढे बसणारी माणसे ती खूण हाडात वागवतात. गुडघा बदलताना बसवायचा धातूचा भाग पाश्चात्त्य मापाचा असला, की लहान चणीच्या बायकांना तो मोठा होतो आणि कडेने बाहेर येतो, हे भारतीय शल्यविशारदांनी वारंवार नोंदवले आहे. पाट-पलंग सुताराकडून मापाने करून घेतो, तो गुडघा मात्र दुसऱ्याच्या मापाचा का घालावा?

मग जे मिळेल ते गोळा करावे का? इथे सावध राहायला हवे, कारण मूळचा ठावठिकाणा नसलेला डेटा मुळात डेटा नसण्यापेक्षा घातक असतो. कोविडच्या पहिल्या वर्षात छातीच्या एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून आजार ओळखणारी शेकडो संगणकीय तंत्रे प्रसिद्ध झाली. २०२१ साली केंब्रिजच्या एका गटाने त्यांतले ६२ निबंध बारकाईने तपासले, आणि एकही तंत्र रुग्णांसाठी वापरण्याजोगे आढळले नाही. एक कारण फार बोलके आहे. कोविड नसलेल्यांचे नमुने म्हणून अनेकांनी चीनमधल्या ग्वांगझूच्या बालरुग्णालयातले, एक ते पाच वर्षांच्या मुलांचे एक्स-रे घेतले, आणि कोविड झालेले होते मोठे. यंत्र मूल आणि मोठा माणूस यांतला फरक शिकले, आणि आपण आजार ओळखला असे वाटून घेतले गेले. तो संच चुकीचा नव्हता. कुठून आला, कोणाचा आहे हे वाचायची तसदी घेतली गेली नाही. नेवाशाच्या खड्ड्यात थर आणि मडके लिहिले गेले होते. तीच शिस्त इथे लागते.

आता सर्वांत जड आक्षेपाकडे येतो. माणसांच्या शरीराची मापे गोळा करून लोकांचे नेहमी भलेच झाले आहे असा इतिहास नाही. तो इतिहास आपल्या जिल्ह्यालाही स्पर्श करून गेला आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांची मापे घेतली. त्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्याही कवट्या होत्या, ज्यांना कोणीही काही विचारले नव्हते. कवटीची डावी-उजवी बाजू किती असमान आहे यात गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व दिसावे, अशी त्यांच्या गुरूची अपेक्षा होती. तरुण इरावतीबाईंना मापांत तसे काही दिसले नाही, आणि त्यांनी ते तसेच लिहिले. त्याच संस्थेने पुढे नाझी वंशविज्ञानाला शास्त्राचा मुलामा दिला. आता नेवाशाचा १९६० चा अहवाल उघडा. सांकलिया, शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांच्या जोडीला चौथे नाव आहे सोफी एऱ्हार्ट. सांगाड्यांचा अभ्यास त्यांचा. नाझी काळात या बाई रॉबर्ट रिटर यांच्या वंशस्वच्छता संशोधन केंद्रात काम करीत. त्या केंद्राने युरोपातल्या सिंती आणि रोमा लोकांची मापे घेतली, वंशावळी लिहिल्या, कार्डे भरली, आणि त्या नोंदींवरून माणसे छळछावण्यांत पाठवली गेली. युद्धानंतर ती कागदपत्रे ट्यूबिंगन विद्यापीठात संशोधनासाठी म्हणून पडून राहिली. १९८१ साली सिंती कार्यकर्त्यांनी विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठाण मांडले आणि ती राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायला भाग पाडले. ज्यांची शरीरे मोजली होती, त्यांचेच लोक आपली नोंद मागायला आले होते.

भारताच्या पदरातही असेच एक पान आहे. अनेक दशके कलकत्त्याहून मानवी सांगाडे जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना निर्यात होत. ज्या गरिबांची प्रेते कोणी मागायला आले नाही, त्यांची ती हाडे. १९८५ साली सरकारने ही निर्यात बंद केली. ज्या देशाच्या हाडांवर अर्ध्या जगाने शरीररचना शिकली, त्या देशाच्या विद्यार्थ्याला आज हाडांचा डेटा दुसरीकडून आणावा लागतो, हे मनाला लागते. पण ज्या वाटेने ती हाडे गेली, त्याच वाटेने आता प्रतिमा जाऊ द्याव्यात असे कोणी म्हणणार नाही. ‘व्हिजिबल ह्यूमन’मधला पुरुषही टेक्ससमध्ये १९९३ साली देहान्त शिक्षा झालेला कैदी होता. त्याने देहदान केले होते, पण आपल्या देहाचा एकेक काप जगभर कोणालाही पाहता येईल, एवढे त्या संमतीत बसत होते का, यावर नीतिशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. या सगळ्यातून काही जण निष्कर्ष काढतात, की शरीराच्या नोंदी गोळाच करू नयेत. मला तो निष्कर्ष पटत नाही. बर्लिनमधला दोष मोजण्यात नव्हता. मोजणाऱ्याने मोजल्या जाणाऱ्याला विचारले नाही, आणि नोंद कुलूपबंद ठेवून ती वापरायचा अधिकार फक्त स्वतःकडे घेतला, हा दोष होता. इरावतीबाईंनी मापे पुन्हा तपासली म्हणून तर एक खोटे उघडे पडले. कोणालाही तपासता येईल अशी नोंद हे जुलमाविरुद्धचे हत्यारही असते.

तरी खासगीपणाचा प्रश्न उरतोच, आणि तो तंत्राचा आहे तितकाच विश्वासाचा. रुग्णालयात प्रतिमा ज्या डायकॉम फाइलमध्ये साठवतात, तिच्या आत चित्रासोबत नाव, वय, रुग्णक्रमांक, तारीख, यंत्राचा क्रमांक असे कितीतरी रकाने असतात. काही यंत्रे तर नाव चित्रावरच कोरतात. हे पुसण्याची साधने खुली आहेत, पण पुसणे मनापासून करावे लागते. डोक्याच्या स्कॅनचे आणखी अवघड आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या डोक्याच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले आणि चेहरा ओळखणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरला दिले. ७० जण बरोबर ओळखले गेले. म्हणून डोके आणि चेहरा सुरुवातीला संग्रहाबाहेर ठेवणे शहाणपणाचे. हात, मनगट, गुडघा यांत माणूस ओळखू येण्याची शक्यता फार कमी. कायद्याची वाटही बंद नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संशोधनासाठी सवलत ठेवली आहे, पण त्या डेटावरून एखाद्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही, आणि ठरलेले निकष पाळायचे, या अटींवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे आणि प्रत्येक महाविद्यालयाची नीतिसमिती आहेच. कायदा मात्र किमान मर्यादा सांगतो. एखाद्या आईने आपल्या मुलाच्या हाताचे चित्र द्यावे की नाही, हे तिला पटवून देण्याचे काम कायदा करत नाही.

हे आपल्याला जमेल का, असे विचारणाऱ्यांनी नांदेडकडे पाहावे. तिथल्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या संशोधकांनी नांदेडच्याच एका नेत्रचिकित्सालयातल्या, मधुमेहाचा पडद्यावर होणारा परिणाम तपासण्यासाठीच्या, डोळ्यांच्या ५१६ प्रतिमा २०१८ साली खुल्या केल्या. त्यांतल्या ८१ प्रतिमांत प्रत्येक डाग, प्रत्येक रक्तस्राव ठिपक्याठिपक्याने आखलेला आहे. त्या संचावर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि जगातल्या कितीतरी प्रयोगशाळा आज मराठवाड्यातल्या रुग्णांच्या डोळ्यांवर आपली तंत्रे पारखून घेतात. पुढे याच गटाने ३,२०० प्रतिमांचा आणखी एक संच दिला. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीनेही २०१८ साली दिल्लीतले ४९१ डोक्यांचे सीटी स्कॅन संशोधनासाठी खुले केले. त्यांत कवटीच्या हाडांचे भंगही नोंदलेले आहेत, आणि प्रत्येक स्कॅन तीन तज्ज्ञांनी वाचलेला आहे. ५१६ आणि ४९१ हे काही प्रचंड आकडे नाहीत. जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात काही दिवसांत तेवढे एक्स-रे निघतात. या संचांना किंमत आली ती नीट वाचून, नीट आखून, ठिकाण-काळ सांगून दिले म्हणून.

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. प्रतिमा गरिबांच्या, आणि त्यांवर तयार झालेले यंत्र एखादी कंपनी विकणार. उद्या त्याच गरिबाला त्या तपासणीचे पैसे द्यावे लागणार. हे होऊ शकते. याला उत्तर प्रतिमा लपवणे हे नाही, कारण लपवलेल्या प्रतिमा खासगी करारांतून जातच असतात, फक्त आपल्याला कळत नाही. उत्तर आपल्या जिल्ह्याने पूर्वीच एकदा शोधले आहे. एकट्या शेतकऱ्याच्या उसाला भाव नव्हता. हरेगावसारख्या ठिकाणी खासगी कारखाने होतेच. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा. एका एक्स-रेचेही तसेच आहे. एकट्याला बाजारात काहीच किंमत नाही. दहा हजार एकत्र आले की किंमत निर्माण होते, आणि ती एकत्र येण्यातूनच निर्माण होते. म्हणून ती एकत्र आलेल्यांच्या हातात राहिली पाहिजे. प्रतिमा देणारी माणसे संग्रहाची सभासद असावीत, त्यांचे प्रतिनिधी विश्वस्त मंडळात असावेत, परवान्याच्या अटी सर्वांना सारख्या आणि कोणालाही एकट्याला हक्क न देणाऱ्या असाव्यात. कोणी प्रतिमा घेतल्या, कशासाठी घेतल्या, याची यादी कोणालाही वाचता यावी. सहकाराचे पुढे काय झाले, किती संस्था मूठभरांच्या हाती गेल्या, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. म्हणूनच ती यादी आणि मंडळाची मुदत पहिल्याच दिवशी नियमांत लिहून ठेवायची.

खेड्यातल्या माणसाला संमती म्हणजे काय हे कळणार नाही, असे सुशिक्षितांच्या तोंडून नेहमी ऐकू येते. जामखेडने ते खोटे ठरवून झाले आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे आरोग्याचे काम सुरू केल्यावर ज्या गावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी गावातल्या मुलांची वजने केली, गरोदर बाया तपासल्या, जन्म-मृत्यूची माहिती ठेवली, आणि ती माहिती गावापुढे मांडून गावालाच निर्णय घ्यायला लावला. आरोग्याची नोंद म्हणजे आपल्याबद्दल सरकारने ठेवलेले गुपित नव्हे, आपण आपल्यासाठी ठेवलेला हिशेब, हे जामखेडच्या बायकांना कोणत्याही नीतिसमितीआधी समजले होते. समजत नाही तो इंग्रजीत, बारीक अक्षरांत छापलेला आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री पुढे केलेला कागद. तो कोणालाच समजत नाही, डॉक्टरांच्या नातेवाइकांनासुद्धा.

हाडांच्या डॉक्टरांना मात्र खरी अडचण आहे. बाह्यरुग्ण विभागात दुपारपर्यंत रांग असते, कोणी प्रतिमा निवडायच्या, कोणी पुसायच्या? एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरला तो पुन्हा संग्रहासाठी वाचायला वेळ कोण देणार? म्हणून सगळ्या हाडांचा संग्रह एकदम करायला जाऊ नये. माझी सूचना एकच आहे : आधी मुलांच्या हातांचा संग्रह करावा. संशोधनासाठी म्हणून एकाही मुलाचा नवा एक्स-रे काढायचा नाही. किरणे थोडी असली तरी विनाकारण कशाला? पडल्यामुळे, लागल्यामुळे काढलेले मनगट-हाताचे एक्स-रे रोज असतातच. त्यांतले हाड न दुखावलेले, किंवा भंग असूनही वाढीच्या पट्ट्या स्पष्ट दिसणारे निवडायचे. सोबत चारच गोष्टी पक्क्या हव्यात : जन्मदाखल्यावरून काढलेले महिन्यांतले वय, मुलगा की मुलगी, तालुका, आणि एक्स-रेचे वर्ष. वजन-उंची मिळाली तर उत्तम, कारण कुपोषणाने हाडांची वाढ मागे पडते आणि अकोल्याच्या आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी तो प्रश्न वेगळा विचारावा लागेल. प्रतिमा दोघा डॉक्टरांनी एकमेकांचे उत्तर न पाहता वाचायच्या. वाचणाऱ्यांना हे काम प्रबंधाचा भाग म्हणून मोजून मिळावे, एवढे वैद्यकीय महाविद्यालयांनी करावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहायचाच असतो, आणि असे शेकडो प्रबंध कपाटात पडून आहेत, ज्यांच्या मुळाशी असलेल्या प्रतिमा आता कुठेच नाहीत.

अशा संग्रहाने आपल्या मुलांच्या बाबतीत ती दोन वर्षांची चूक किती, हे काही वर्षांत आकड्याने सांगता येईल, आणि कोर्टात उभ्या राहणाऱ्या डॉक्टरला ओहायोच्या पुस्तकाऐवजी जिल्ह्यातल्या मुलांचा आधार देता येईल. पण पहिला कागद मराठीत लिहायचा आहे, तो आई-वडिलांपुढे ठेवण्याचा. त्यात प्रतिमा कोणत्या, कुठे जाणार, कोण पाहणार, त्यातून कंपनीही फायदा मिळवू शकेल, हे उघड लिहावे. मुलाचे नाव कधीही जाणार नाही, हेही लिहावे. आणि एक रकाना असा असावा, की पालकांना किंवा मूल मोठे झाल्यावर त्याला स्वतःला केव्हाही ‘आता नको’ म्हणता यावे. तसे म्हटल्यानंतर पुढच्या आवृत्तीतून ती प्रतिमा काढली जाईल. आधी ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडून मात्र ती परत आणता येणार नाही, आणि हेही त्याच कागदावर, त्याच रकान्याशेजारी, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले पाहिजे.